नगरचे रणगाडे आणि आक्कांची पेटी

आम्ही बचत गटाच्या बाया आज पुन्हा तुमच्याशी बोलायला आलोय. मागच्या वेळी शेवग्याच्या पाल्याची भुकटी कशी करायची ते सांगितलं होतं. आजचा विषय जरा वेगळा आहे. आज बोलायचंय रणगाड्यांबद्दल. हसू नका. आम्हीही आधी हसलोच होतो.

झालं असं, की दरसाल आमच्या गटाची एक सहल निघते. यंदा शिर्डी आणि शनिशिंगणापूर ठरलं. गाडी नगरवरून जाणार होती. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच बसलंय. तर गटातली एक जण म्हणाली, वाटेत रणगाड्यांचं संग्रहालय आहे, तेही बघू. बाकीच्या म्हणाल्या, देवाचं सोडून लोखंड काय बघायचं? पण आमच्यात सगळ्यांत थोरल्या आक्का आहेत. त्या कधी काही मागत नाहीत. त्या दिवशी म्हणाल्या, "मला बघायचंय." आक्कांचे मालक रणगाड्यावर ड्रायव्हर होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली. मग कुणी काही बोललं नाही. गाडी तिकडं वळली.

हे संग्रहालय लष्कराचं आहे. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल म्हणून जी संस्था नगरला आहे, तिनं ते १९९४ साली सुरू केलं. रणगाडे आणि चिलखती गाड्या मिळून पन्नासच्या आसपास वाहनं तिथं मांडलीत. चिलखती गाडी म्हणजे जाड पोलादी पत्र्यानं चारी बाजूंनी मढवलेली गाडी. बंदुकीची गोळी आत शिरू नये म्हणून तो पत्रा.

तिथली सगळ्यांत जुनी गाडी रोल्स रॉईसची आहे. राजेरजवाडे मिरवायचे त्याच कंपनीची, पण चिलखत चढवलेली. पुढं एक जर्मन गाडी आहे आठ चाकांची. आठही चाकं वळतात, आणि स्टिअरिंग पुढंही असतं, मागंही असतं. अरुंद रस्त्यात शत्रू समोर आला तर गाडी वळवत बसायचं नाही, मागच्यानं स्टिअरिंग धरायचं आणि तशीच उलटी पळवायची. आमच्यातली एक जण म्हणाली, आमच्या बोळात अशीच गाडी पाहिजे.

जपानी रणगाडेही आहेत. त्यातला हा-गो नावाचा बघितला. त्याचं चिलखत जाडीला जेमतेम १२ मिलिमीटर, म्हणजे करंगळीएवढं. त्याच काळातल्या इंग्रजांच्या माटिल्डा रणगाड्याचं पुढचं चिलखत ७८ मिलिमीटर, म्हणजे चांगलं चार बोटं. १९४४ साली जपानी फौज आपल्या इंफाळ-कोहिमापर्यंत आली होती, तेव्हा तिच्याकडं असे हलके रणगाडे होते. करंगळीएवढ्या पत्र्याच्या आड तीन माणसं बसायची. तीही कुणाची तरी लेकरंच.

एका रणगाड्यावर तोफेऐवजी दिवा आहे. ग्रँट त्याचं नाव. रात्रीच्या लढाईत शत्रूचे डोळे दिपवायला आत प्रचंड प्रकाशाचा दिवा बसवलेला. उजेड बाहेर यायला फट किती? २ इंच रुंद आणि २४ इंच उंच. कुणाला कळू नये म्हणून बाहेरून खोटी तोफ लावलेली, आणि कागदोपत्री नाव ठेवलेलं ‘कालव्याच्या रक्षणाचा दिवा’. असे दिव्याचे रणगाडे आज जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरलेत. त्यातला एक आपल्या नगरात आहे.

आम्ही विचारलं, एवढे कमी का उरले? रणगाडे तर हजारांनी बनले होते ना? तर उत्तर साधं होतं. लढाई संपली की रणगाडा म्हणजे नुसतं वजन. काही कापून वितळवले. काही माळावर उभे करून तोफांच्या सरावाला निशाण म्हणून वापरले. जे कुणीतरी बाजूला काढून ठेवले, तेवढेच राहिले. म्हणजे बघा, भंगारवाला सगळ्या जगात सारखाच.

घरी आल्यावर आमच्या कॉलेजच्या पोरींनी याची आणखी माहिती काढून आम्हाला वाचून दाखवली. इंग्लंडमध्ये बोव्हिंग्टन या गावी रणगाड्यांचं मोठं संग्रहालय आहे. तिथं एक जर्मन रणगाडा आहे, टायगर १३१. वजन पन्नास टनांच्या वर. एप्रिल १९४३ मध्ये आफ्रिकेतल्या ट्युनिशियात इंग्रजांनी तो धरला. गोळा लागून त्याचा वरचा फिरणारा भाग, ज्याला टरेट म्हणतात, तो जागीच अडकला, आणि आतली माणसं तो सोडून निघून गेली. १९५१ पासून तो त्या संग्रहालयात आहे.

१९९० साली त्याची दुरुस्ती काढली. पुरा रणगाडा खोलला. २००३ साली तो आपल्या चाकांवर चालत लोकांसमोर आला. तेरा वर्षं! आपल्याकडं विहिरीवरची मोटार तेरा दिवस दुरुस्तीला राहिली तर जीव वर-खाली होतो. आज जगात चालू स्थितीतला हाच एक टायगर उरलाय असं मानतात.

असं काम चालतं कसं, तेही ऐका. पहिलं काम सफाईचं नाही. आधी आत जिवंत दारूगोळा राहिलाय का ते बघतात. मग काट्यांच्या तबकड्या बघतात, कारण रात्री चमकाव्यात म्हणून जुन्या तबकड्यांना रेडियमचा रंग द्यायचे, आणि रेडियम अंगाला घातक. त्यानंतर पाणी. पावसाचं पाणी तळाशी साचतं आणि पोलाद आतून खातं. गंजून बसलेले बोल्ट तेल सोडून, गरम करून, हळूहळू सोडवतात. लहान सुटे भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात ठेवून त्यातून वीज सोडतात, की गंज सुटून येतो आणि खालचं लोखंड शाबूत राहतं. रंग तर एकेक थर घासून बघतात. वरचा हिरवा, त्याखाली करडा, त्याखाली वाळूचा. कुठल्या साली, कुठल्या मुलखात तो लढला, ते त्या थरांत कळतं. सगळा रंग एकदम खरवडला की ती कहाणी गेली.

आणि आता मुख्य गोष्ट. त्या टायगरला तेव्हा जे गोळे लागले, त्यांच्या खुणा बुजवलेल्या नाहीत. इंजिन दुसऱ्या रणगाड्याचं बसवलं, रंग जुन्यासारखा दिला, पण जखमा तशाच ठेवल्या. कारण रणगाडा कसा पकडला गेला, त्याचा पुरावा म्हणजे त्या खुणा. त्या लिंपून टाकल्या तर उरलं काय? नवं कोरं खेळणं.

आता नगरला परत येऊ. तिथं पाकिस्तानचा पॅटन रणगाडा उभा आहे. १९६५ साली खेमकरणजवळ असल उत्तर इथं झालेल्या लढाईत असे पुष्कळ पॅटन आपल्या जवानांनी बाद केले, काही धरून आणले. तिथं माहिती सांगणारे जवान मग १९७१ च्या लढाईबद्दल बोलायला लागले. म्हणाले, शकरगड भागात बसंतर नदीपाशी १६ डिसेंबरला पूना हॉर्स पलटण लढली. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल तिथं पडले. पुण्यात जन्मलेले, वय एकवीस. त्यांना परमवीर चक्र मिळालं. त्यांच्या सेंच्युरियन रणगाड्याचं नाव फामागुस्ता. लढाईत तो शत्रूच्या हाती गेला, नंतर परत आला, आणि आता नगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये दुरुस्त करून जपलेला आहे.

शकरगड हा शब्द ऐकला आणि आक्का जागीच थांबल्या. आम्हाला वाटलं, उन्हानं चक्कर आली. पाणी दिलं. तर म्हणाल्या, "हे नाव मला ठाऊक आहे. हे झोपेत घ्यायचे."

मग त्यांनी सांगितलं. मालक लढाईवरून परत आले, पेन्शनीत आले, शेती केली, पण लढाईबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. रात्री मात्र झोपेत शकरगड, शकरगड करायचे. आक्कांना वाटायचं, कुणा मित्राचं नाव असेल. ते गाव आहे, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

परतीच्या वाटेवर आक्का गप्प होत्या. गाव जवळ आलं तेव्हा म्हणाल्या, "माळ्यावर त्यांची पेटी आहे. नातू म्हणतो, गंजलीय, भंगारात देऊ. भंगारवाला सोमवारी यायचाय."

सहल संपली त्या दिवशी शनिवार होता. रविवारी आम्ही सगळ्या आक्कांच्या घरी. नातवानं पेटी खाली उतरवली. काळी पत्र्याची पेटी, कडेला गंजून भोकं पडलेली. आत एक लोकरी जर्सी, कसर लागलेली. डिस्चार्ज बुक. पिवळ्या पडलेल्या चार चिठ्ठ्या. एक फोटो, रणगाड्यावर बसलेली चार तरुण माणसं, चेहरे काजळीनं काळे. आणि फडक्यात गुंडाळलेलं एक मेडल, १९७१ चं संग्राम मेडल.

आमच्यातली एक जण लगेच उठली. म्हणाली, चिंच आणते, दोन मिनिटांत लख्ख करते. तेवढ्यात नातीनं मेडल हातात घेऊन उजेडात फिरवलं आणि ओरडली, "आजी, कडेवर काहीतरी लिहिलंय!" फौजेच्या मेडलच्या कडेवर बारीक अक्षरांत जवानाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं. नातीनं वाचलं. नाव निम्मंच लागलं. नंबराचे शेवटचे आकडे तर गुळगुळीत.

आक्का बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दर दसऱ्याला मी राखेनं घासायची. पंधरा-वीस वर्षं. त्यांचं म्हणून चांगलं चकचकीत ठेवायची." आणि मग म्हणाल्या, "मीच पुसलं गं नाव."

मैत्रिणींनो, यावर आम्ही काय बोलणार? चूक कुणाची नव्हती. तांब्या घासावा, समई घासावी, हेच आपल्याला आयांनी शिकवलं. प्रेमानंच घासलं होतं. पण जपणं वेगळं आणि लख्ख करणं वेगळं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. बोव्हिंग्टनच्या लोकांनी टायगरच्या जखमा का ठेवल्या, ते तेव्हा नीट उमगलं.

नंबर मात्र गेला नाही. डिस्चार्ज बुकात पूर्ण लिहिलेला होता. नातीनं तो वहीत उतरवून घेतला. फोटोच्या मागं काही लिहिलेलं होतं, तेही उतरवलं. आणि सोमवारी भंगारवाला आला तेव्हा नातवानंच त्याला दारातून परत पाठवलं.

तुमच्याही माळ्यावर अशी पेटी असेल. फौजेची नसेल तर गिरणी कामगाराची असेल, दाईची असेल, सासूच्या लुगड्यांची असेल. म्हणून आम्ही शिकलो ते चार शब्दांत सांगतो.

मेडल, नाणी, जुने बिल्ले राख, चिंच, लिंबू, पितांबरी, कशानंही घासू नका. कोरड्या मऊ सुती कापडानं नुसती धूळ टिपा. गंजलेल्या पेटीतलं सामान आधी बाहेर काढा आणि कोरड्या जागी ठेवा. चुलीच्या धुरापासून आणि गळक्या भिंतीपासून लांब. कागदांना चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकचं लॅमिनेशन तर मुळीच नको. एकदा केलं की कागद पुन्हा सुटत नाही. आधी मोबाईलवर फोटो काढा, झेरॉक्स काढा, आणि मूळ कागद सपाट ठेवा. लोकरीचे कपडे सावलीत झटकून धुतलेल्या सुती कापडात बांधा. फोटोत कोण कोण आहे, ते घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या आणि वेगळ्या कागदावर लिहा. फोटोच्या पाठीवर पेन दाबून लिहू नका. फौजेच्या कागदांत काही अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

आणि नगरकडं कधी गेलात तर रणगाडे बघून या. मुलींना आवर्जून न्या. ओळखपत्र जवळ ठेवा, लष्कराची जागा आहे. पोरं तोफेजवळ फोटो काढतील, काढू द्या. पण एखाद्या रणगाड्यावर गोळ्याची खूण दिसली तर तिथं घटकाभर थांबा, आणि आत कोण बसलं असेल ते पोरांना सांगा.

आक्कांनी ते मेडल आता स्वच्छ पांढऱ्या कापडात ठेवलंय. यंदा दसऱ्याला पाटावर मांडलं, हळदकुंकू कापडाबाहेरच वाहिलं. घासलं नाही. थोडं काळसर दिसतं. आक्का म्हणतात, "दिसू दे. उरलंय तेवढं नाव तर राहील."

चला मैत्रिणींनो, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या पेटीत काय निघालं ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.