चाकोरीबाहेरची वाट आणि पाटीवरील नकाशा

आजचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहींजणांना नवल वाटलें असेल. चारहि चाकांना जोर असलेली जीप, तिच्यांत बसविलेला पाटीएवढा टॅब्लेट, आणि गाडीबरोबर हलणारा त्यावरील नकाशा, या गोष्टींशीं एका पेन्शनर शाळामास्तराचा काय संबंध? संबंध एवढाच कीं, उभ्या नोकरींत मीं मुलांना नकाशा वाचावयास शिकविलें, आणि आतां पुतण्या जीप हांकतो तेव्हां ती पाटी मांडीवर घेऊन मी त्याच्या शेजारीं बसतों.

आमचा बुलढाणा जिल्हा घाटावरचा व घाटाखालचा असा दुभागलेला आहे. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार. घाटाखालीं मलकापूर, नांदुरा, शेगांव. आणि उत्तरेस जळगांव जामोद व संग्रामपूर या तालुक्यांना टेकलेला सातपुडा. २०२२ सालच्या डिसेंबरांत समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि मेहकराहून नागपुरास जाणें सोपें झालें. परंतु महामार्ग सोडून थोडें आंत गेलें कीं पांदण लागते, पुढें गाडवाट, आणि तिच्याहि पुढें नुसता धुरा. पाट्या संपतात, टेलिफोन मुका होतो. अशा ठिकाणीं ही पाटी उपयोगी पडते.

ती आपलें स्थान कशी ओळखते, हें समजून घेण्यासारखें आहे. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे जी. पी. एस. उपग्रह अत्यंत अचूक घड्याळांच्या आधारें वेळेचे संदेश अखंड पाठवीत असतात. संदेश पोंचण्यास लागलेल्या वेळेवरून उपग्रहाचें अंतर निघतें. अशीं चार अंतरें मिळालीं कीं अक्षांश, रेखांश, उंची आणि आपल्या घड्याळांतील चूक, हीं चारहि अज्ञातें सुटतात. शाळेंतील समीकरणांचाच हा विस्तार होय. यासाठीं टेलिफोनच्या मनोऱ्याची गरज नाहीं. गरज असते ती नकाशाची, आणि तो निघण्यापूर्वीं घरींच उतरवून घ्यावा लागतो. ऑस्मअँड, ऑरगॅनिक मॅप्स यांसारखीं ॲपें असे नकाशे सांठवून ठेवतात. मात्र केवळ वाय-फायवर चालणाऱ्या आयपॅडांत उपग्रहांचे संदेश घेणारें यंत्रच नसतें. म्हणून कोणताहि टॅब्लेट विकत घेतांना हें आधीं विचारून घ्यावें.

आज मांडीवर मावणाऱ्या या विद्येची किंमत पूर्वीच्या माणसांनीं देहानें मोजली आहे. विल्यम लँब्टन यानें १८०२ सालीं मद्रासजवळ हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला. त्याचें कोन मोजण्याचें थोर यंत्र सुमारें अर्ध्या टनाचें होतें, आणि तें डोंगरमाथ्यांवर चढवावें लागे. हें काम चालू असतांनाच १८२३ च्या जानेवारींत आपल्या वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें त्याचा अंत झाला. पुढें जॉर्ज एव्हरेस्ट यानें ती मोजणी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. भारतीय सर्वेक्षण विभागाचीं जुनीं पत्रकें एव्हरेस्टनें १८३० सालीं ठरविलेल्या पृथ्वीच्या मापावर आंखलेलीं आहेत. उपग्रहांचें माप निराळें आहे. त्यामुळें जुन्या पत्रकांतील अक्षांश-रेखांश पाटींत जसेच्या तसे घातले तर खूण जागेवरून सरकते. ते नव्या मापांत बदलून मगच घालावे.

येथवर यंत्राची थोरवी झाली. आतां त्याची मर्यादा सांगतों. गेल्या पावसाळ्याच्या तोंडीं आम्ही घाटाखालीं पूर्णेच्या खोऱ्यांत होतों. पाटीवर रेघ सरळ होती. पुतण्या म्हणाला, "काका, तीनच किलोमीटर राहिले." धुऱ्यावर एक वृद्ध शेतकरी बसले होते. मीं विचारलें, "दादा, ही पांदण पुढें निघते कां?" ते म्हणाले, "निंगते भाऊ, पन उन्हायात. आता गाडी फसन." आम्ही गाडी वळविली.

नकाशा खोटा नव्हता. वाट होती; पण ती ऋतूची वाट होती. आमची काळी माती पाणी पिऊन फुगते, आणि उन्हाळ्यांत त्याच मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आकाशांतला उपग्रह आपण कोठें आहों तें सांगतो. पायाखालीं काय आहे तें सांगत नाहीं. तें सांगणारा मनुष्य धुऱ्यावर बसलेला असतो, आणि त्याला विचारावयास गाडींतून उतरावें लागतें.

आणखी कांहीं सूचना. आमच्या वैशाखांत टॅब्लेटहि तापतो. आयपॅडसारखीं यंत्रें ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठीं बनविलेलीं असतात. कांचेमागें उन्हांत ठेवलेली पाटी ऐन वेळीं बंद पडते. म्हणून ती सावलींत ठेवावी आणि जोडीला कागदी नकाशा असावा. आलेल्या मार्गाची नोंद पाटीवर चालू ठेवावी, म्हणजे त्याच चाकोरीनें परततां येतें. उभ्या पिकांतून गाडी घालूं नये. अंबाबरवा व ज्ञानगंगा या अभयारण्यांत परवानगीवांचून शिरूं नये, आणि ठरलेला रस्ता सोडूं नये. २०१९ सालीं यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वराहून निघालेला एक वाघ हजारावर किलोमीटर चालून ज्ञानगंगेंत आला. त्याच्या गळ्यांतील पट्ट्यामुळें ही वाटचाल आपल्याला उपग्रहांच्याच द्वारें कळली. त्या रानांत घरधनी तो आहे, आपण पाहुणे.

शेवटीं मुख्य गोष्ट सांगतों. ओपनस्ट्रीटमॅप नांवाचा जो सार्वजनिक नकाशा या ॲपांच्या मुळाशीं आहे, तो २००४ सालीं सुरू झाला. त्यांत कोणाहि माणसाला भर घालतां येते. सातपुड्याच्या कुशींतील एखाद्या पाड्याचें नांव त्यांत नसेल, तर ती उणीव भरून काढणें आपल्या हातीं आहे. गांवकऱ्यांना विचारावें, ते उच्चारतात तसेंच नांव लिहावें, वाट पावसाळ्यांत बंद होत असेल तर तसें नमूद करावें. आपण जिच्यावर मौजेखातर जातों, तीच वाट कोणा बाळंतिणीला दवाखान्यापर्यंत नेणारी असते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका रात्रीं तिला शोधीत निघते, तेव्हां कोठें वळावें आणि कोणत्या नाल्यापाशीं थांबावें हें चालकाला आधींच कळलें, तर अर्धा तास वांचतो. अर्ध्या तासाचें मोल किती, हें त्या घराला विचारावें.

आजवर नकाशानें आपल्याला पुष्कळ दिलें. ज्यांच्याजवळ गाडी आहे, पाटी आहे आणि थोडा मोकळा वेळ आहे, त्यांनीं आतां नकाशालाहि कांहीं द्यावें, एवढीच विनंति.