एकाच नांवाचे, पण निराळ्या गुणांचे

इ. स. १९२८ च्या जानेवारी महिन्यांत ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलँड प्रांतांत, बंडाबर्ग या गांवीं, घटसर्पापासून बचाव व्हावा म्हणून २१ मुलांना लस टोंचण्यांत आली. त्यांपैकीं १२ मुलें दगावलीं. चौकशीचें जंतुशास्त्रीय काम मेलबोर्न येथील तरुण संशोधक मॅक्फार्लेन बर्नेट यांजकडे आलें. दोष लशीचा नव्हता. लशीच्या बाटलींत जंतुनाशक द्रव्य घातलेलें नव्हतें, व तींत शिरून वाढलेल्या एका जंतूनें हा घात केला होता. त्या जंतूचें नांव स्टॅफिलोकॉकस ऑरियस.

हा जंतु शास्त्रज्ञांना अपरिचित नव्हता. ॲबर्डीनचे शल्यवैद्य अलेक्झांडर ऑगस्टन यांनीं १८८० सालींच गळवांच्या पुवांत तो दाखवून दिला होता. सूक्ष्मदर्शकाखालीं त्याचे गोल कण द्राक्षांच्या घोसासारखे दिसतात. म्हणून त्यांनीं १८८२ सालीं ग्रीक भाषेंतील घोसवाचक शब्दावरून त्याचें नामकरण केलें. पुढें १८८४ सालीं रोझेनबाख यांनीं त्याच्या सोनेरी वर्णावरून ‘ऑरियस’ हें विशेषण जोडलें.

आश्चर्याची गोष्ट ही कीं, सुमारें दर तीन माणसांत एकाच्या नाकांत हाच जंतु कांहीं उपद्रव न करितां नांदत असतो. मग तो एकाला साधें केसतूड, दुसऱ्याला वांति व जुलाब, आणि तिसऱ्याला फुप्फुसांचा प्राणघातक विकार कसा देतो? रोग्याची प्रकृति व जखमेची जागा हीं कारणें आहेतच. पण तेवढ्यानें उलगडा होत नाहीं. नांव एक, तेव्हां सारे घोडे बारा टक्के, असें या जंतूच्या बाबतींत म्हणतां येत नाहीं.

प्रत्येक जंतूजवळ आपल्या गुणधर्मांची जणूं एक पोथी असते. या जंतूची पोथी सुमारें २८ लक्ष अक्षरांची असून तींत २६०० च्या आसपास जनुकें आहेत. जपानी संशोधकांनीं २००१ सालीं दोन वाणांच्या पोथ्या अथपासून इतिपर्यंत वाचून प्रसिद्ध केल्या. पोथीचा बराच मोठा भाग सर्व वाणांत सारखा असतो; अन्न घेणें, वाढणें, एकाचे दोन होणें, हीं नित्यकर्में त्यांत लिहिलेलीं असतात. उरलेलीं पानें मात्र वाणागणिक बदलतात. पुष्कळशीं विषें आणि औषधांना दाद न देण्याची विद्या याच पानांवर आढळते. हीं पानें बहुधा उसनीं असतात. जंतूंवर जगणारे कांहीं विषाणु एका जंतूंतून दुसऱ्यांत जातांना तीं बरोबर घेऊन जातात.

पँटन व व्हॅलेंटाइन यांनीं १९३२ सालीं वर्णिलेलें विष रक्तांतील पांढऱ्या पेशी फोडतें. त्याचें जनुक असें विषाणूबरोबर आलेलें आहे. अमेरिकेंत डॉ. जेम्स टॉड यांनीं १९७८ सालीं सात मुलांत एकाएकीं ज्वर, पुरळ व रक्तदाब खालावणें असा रोग वर्णिला. त्याच्या मुळाशीं असलेलें विष पुढें सांपडलें. तें तयार करण्याचें जनुक थोड्याच वाणांपाशीं असतें. तिसरें विष अन्नांतलें. बोटाला गळूं झालेल्या माणसानें बासुंदी हाताळली व ती तशीच उबेंत राहिली, तर तींत हें विष सांठूं शकतें. मागाहून उकळल्यानें जंतु मरतात, विष शिल्लक राहतें.

औषधांचीहि तीच कथा. पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या वाणांसाठीं मेथिसिलिन निघालें. १९६१ सालीं इंग्लंडांत त्यालाहि न जुमानणारे वाण आढळल्याचें प्रसिद्ध झालें. भारत व बांगलादेश येथें २००४ सालीं प्रथम आढळलेला एक वाण बंगालच्या उपसागराच्या नांवानें ओळखला जातो. पांढऱ्या पेशी फोडणारें विष आणि अनेक औषधांचा प्रतिकार हीं दोन्ही त्याच्यापाशीं एकत्र आहेत.

यावरून वैद्य पू तपासणीस कां पाठवितात, हें ध्यानांत येईल. कोणतें औषध लागू पडेल हें नुसत्या जंतूच्या नांवावरून कळत नाहीं. त्या विशिष्ट वाणावर औषधें लावून पाहावीं लागतात, व त्यास दोन-तीन दिवस जातात. शेजाऱ्याच्या गळवाला उतार पडला म्हणून त्याच्याच उरलेल्या गोळ्या आपल्या मुलाला देणें हें म्हणून धोक्याचें. गळूं घरीं पिळूं नये, जखम झांकलेली असावी, हात साबणानें धुवावे, आणि हाताला पू असतां स्वयंपाकघरांत पाऊल टाकूं नये.