घातक कचरा : जबाबदारीची साखळी



१९८४ च्या डिसेंबर महिन्यातील २ आणि ३ तारखांच्या मधल्या रात्री भोपाळ येथील कीटकनाशकांच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला आणि हजारो माणसे प्राणांस मुकली. ही दुर्घटना सर्वांना ठाऊक आहे. त्या कारखान्याच्या आवारात मागे राहिलेल्या कचऱ्याची हकिकत मात्र तितकीशी ठाऊक नाही. कारखाना बंद पडला, पण त्यातील रासायनिक अवशेष आणि दूषित माती तेथेच राहिली. त्यांपैकी ३३७ टन कचरा गोळा करून आवारातच साठविण्यात आला. तो कोठे न्यावयाचा, कोणी जाळावयाचा आणि खर्च कोणी सोसावयाचा, हा वाद वर्षानुवर्षे न्यायालयात चालला. अखेर जानेवारी २०२५ च्या आरंभी १२ बंद कंटेनरांतून तो मध्य प्रदेशातीलच पिथमपूर येथे नेण्यात आला आणि जून २०२५ अखेर त्याचे ज्वलन पूर्ण झाले. वायू एका रात्रीत पसरला. मागे उरलेला कचरा हलावयास चाळीस वर्षे लागली.

या घटनेचा धडा सरळ आहे. घातक कचरा ज्या दिवशी निर्माण होतो, त्याच दिवशी त्याचा धनी निश्चित झाला पाहिजे. तसे न झाल्यास तो कचरा अखेर गावाच्या, नदीच्या आणि पुढील पिढीच्या माथी बसतो.

भोपाळनंतर संसदेने १९८६ साली पर्यावरण (संरक्षण) अधिनियम संमत केला. त्याखाली १९८९ मध्ये घातक कचऱ्यासंबंधीचे पहिले नियम झाले, २००८ मध्ये त्यांची फेररचना झाली आणि २०१६ मध्ये ते अधिक विस्ताराने नव्याने जारी करण्यात आले. महाराष्ट्रात या नियमांच्या अंमलबजावणीचे काम प्रामुख्याने १९७० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आहे.

या नियमांचा गाभा म्हणजे जबाबदारीची साखळी होय. ज्या कारखान्यात घातक कचरा निघतो, त्याने मंडळाकडून प्राधिकारपत्र घ्यावयाचे असते. सर्वसाधारणपणे ९० दिवसांहून अधिक काळ तो कचरा आवारात साठविता येत नाही. कचरा बाहेर पाठविताना त्याच्यासोबत वाहतूक पत्रक द्यावे लागते. २०१६ च्या नियमांनी या पत्रकाच्या वेगवेगळ्या रंगांच्या ७ प्रती ठरवून दिल्या. एक प्रत मंडळाकडे जाते, एक पाठविणाऱ्याकडे राहते, एक वाहतूकदाराकडे आणि एक स्वीकारणाऱ्याकडे. कचरा पोचल्यावर स्वीकारणारा एक प्रत मंडळास आणि एक पाठविणाऱ्यास परत धाडतो. दहा टन निघाले आणि आठच टन पोचले, तर मधले दोन टन कोठे गेले, हे या कागदांवरून विचारता येते.

साखळीचा शेवट सामायिक प्रक्रिया व विल्हेवाट केंद्रात होतो. तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथील केंद्रे या प्रकारची आहेत. तेथे काही कचरा उच्च तापमानाच्या भट्टीत जाळला जातो, तर काही स्थिर करून, तळाशी अभेद्य अस्तर घातलेल्या खड्ड्यात पुरला जातो. हे काम खर्चाचे आहे आणि या खर्चातच नियमभंगाचे मूळ आहे. पैसे वाचविण्यासाठी एखादा टँकर रात्रीच्या वेळी ओढ्यात रिकामा केला जातो, एखादा ट्रक पडीक खाणीत ओतला जातो. कागदावरील साखळी तुटते ती बहुधा कोणत्या तरी गावाच्या शिवारात.

म्हणूनच ग्रामपंचायतीचे स्थान महत्त्वाचे आहे. शिवारात अनोळखी गाळ, उग्र वास किंवा रंगीत पाणी आढळल्यास त्यास हात लावू नये. मुलांना व जनावरांना दूर ठेवावे. वाहनाचा क्रमांक, दिवस, वेळ आणि जागा यांची नोंद करावी आणि मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयास व तहसीलदारांस लेखी कळवावे. जवळच्या विहिरीच्या पाण्याची तपासणी होईपर्यंत ते पिण्यासाठी वापरू नये. जनविश्वास कायद्यान्वये १ एप्रिल २०२४ पासून १९८६ च्या अधिनियमाखालील उल्लंघनास कैदेऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली आहे. दंड बसवावयाचा तर पुरावा हवा आणि पहिला पुरावा गावाच्या नोंदीतूनच मिळतो. जुलै २०२५ मध्ये केंद्र शासनाने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनासाठीही नियम जारी केले. संशयित स्थळे शोधून ती नजरेस आणण्याच्या कामी त्यांत स्थानिक संस्थांना आणि जिल्हा प्रशासनाला स्थान देण्यात आले आहे.

घातक कचरा केवळ कारखान्याच्या फाटकाआड असतो, असा समज मात्र नसावा. रसायनांनी माखलेली रिकामी पिंपे २०१६ च्या नियमांच्या अनुसूचीत घातक कचरा म्हणूनच नोंदलेली आहेत. बाजारात स्वस्त मिळते म्हणून असे पिंप आणून त्यात पिण्याचे पाणी साठविणे म्हणजे विष विकत घेणे होय. कीटकनाशकांचे डबे, ट्यूबलाइट, वापरलेल्या बॅटऱ्या, मुदत संपलेली औषधे आणि सुया हा घरगुती घातक कचरा आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी तो ओल्या आणि सुक्या कचऱ्यापासून वेगळा ठेवण्यास सांगितले. २०२६ च्या नव्या नियमांनी ओला, सुका, स्वच्छताविषयक आणि विशेष काळजीचा असे चार भाग केले आहेत. ओल्या कचऱ्याचे उत्तम खत होते. पण त्यात एक फुटलेली बॅटरी मिसळली, तर तेच खत शेताला अपायकारक ठरते. ही गोष्ट शिक्षकांनी वर्गात एकदा प्रत्यक्ष वस्तू मांडून समजाविली, तर ती घरोघरी पोचेल.

शासन नियम करते, मंडळ तपासणी करते. परंतु प्रत्येक ओढ्यावर निरीक्षक उभा करता येत नाही. तेथे गावच उभे असते. आपल्या हद्दीत कोणते कारखाने आहेत, त्यांतून कोणता कचरा निघतो आणि तो कोठे जातो, हे तीन प्रश्न प्रत्येक ग्रामसभेने वर्षातून एकदा तरी विचारावेत. उत्तर मिळेपर्यंत ते पुन्हा विचारावेत. भोपाळमध्ये हे प्रश्न वेळेवर विचारले गेले नाहीत, आणि त्याची किंमत लोकांना चाळीस वर्षे मोजावी लागली.