नुसते पान छापून माल हिरवा होत नाही
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



उपासक-उपासिकांनो, भोर-वेल्ह्यात घरकुले उभी राहताहेत, विहारांची डागडुजी चालली आहे. पैसा कष्टाचा आणि दानाचा. दुकानदार म्हणतो, "हा घ्या, ग्रीन माल आहे." डब्यावर हिरवे पान असते. भगवंतांनी केसपुत्त येथे कालामांना हेच बजावले की, कोणी सांगितले म्हणून मानू नका, पारखून घ्या. मग या पानाला सूट कशाला?

पहिला प्रश्न, शिक्का दिला कोणी? कंपनीने स्वतः छापलेले पान ही जाहिरात झाली. सरकारचा 'इकोमार्क' 1991 साली निघाला, त्याचे चिन्ह मातीचे मडके. 2024 साली त्याचे नवे नियम आले. 'ग्रीनप्रो' हा उद्योगांच्या महासंघाचा शिक्का. तो तपासून देतात, पण देणारा कोण हे आपण ध्यानात ठेवावे.

दुसरा, तपासले काय? आयएसआय हा दर्जाचा शिक्का, पर्यावरणाचा नव्हे. त्याच्या वर मानकाचा क्रमांक, खाली परवान्याचा. परवान्याचा क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपवर घातला की खरे-खोटे कळते. आपली शाळकरी पोरेही पाहून देतील. घराच्या रंगात शिसे 90 पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत नव्वदपेक्षा, जास्त नको, असा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. शिसे लेकरांच्या मेंदूला बाधते. डब्यावर तसे लिहिलेले नसेल तर डबा परत करा, पाने कितीही असोत.

तिसरा, शिक्का काय सांगत नाही? पीपीसी सिमेंटात वीजकेंद्राची राख 15 ते 35 टक्के असते. तेवढा भट्टीचा धूर वाचतो, हे चांगलेच. पण साध्या सिमेंटला निदान 7 दिवस पाणी मारतात, तर याला निदान 10. उन्हाळ्यात मायबहिणी डोक्यावर हंडे वाहतात, तिथे पाणी चुकले की काम कच्चे राहिले. म्हणून पावसाळा सरताच काम काढा. आणि चेलाडीवरून वेल्ह्याला येताना ट्रकने जाळलेले डिझेल त्या पानावर दिसत नाही. जुन्या घराचा काळा दगड, शाबूत कौले यांना शिक्का नाही, पण ती आधी वापरा.

समितीने एक वही घालावी, बिल आणि क्रमांक त्यात लिहावेत. दानाच्या पैशाचा हिशेब असाही द्यावा लागतो.

नमो बुद्धाय! जयभीम!