खेळाडूच्या घराचा उंबरठा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. मी सातवी शिकलेली बाई, मला व्यासपीठाची सवय नाही. परंतु बरेच दिवस एक गोष्ट मनाला टोचते आहे, ती आपल्याच माणसांत बोलून टाकावी म्हणून उभी राहिले आहे.

विषय क्रिकेटचा आहे. बायकांनी क्रिकेटवर काय बोलावे, असे आता कोणी म्हणावयाचे नाही. २ नोव्हेंबर २०२५ ची रात्र आपणां सर्वांना आठवत असेल. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. एरवी नऊ वाजता अंथरुणाला पाठ टेकणाऱ्या आमच्या सासूबाई त्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत जाग्या होत्या. त्या संघाची उपकर्णधार सांगलीची स्मृती मानधना. स्पर्धेत तिने ४३४ धावा केल्या. आपल्याच घरातली मुलगी पहिली आली, असे आम्हांला वाटले.

पुढे तीनच आठवड्यांनी, २३ नोव्हेंबरला, सांगलीस तिचे लग्न व्हावयाचे होते. त्याच दिवशी तिच्या वडिलांची प्रकृती बिघडली आणि लग्न पुढे ढकलले गेले. मग ७ डिसेंबरला तिने स्वतःच जाहीर केले, की हे लग्न होणार नाही, आणि दोन्ही घरांच्या खासगी आयुष्याचा मान राखावा, अशी विनंती केली.

मधल्या त्या दोन आठवड्यांत काय झाले, ते आपण पाहिलेच. वाहिन्यांवर तीच चर्चा, मोबाईलवर तेच तर्क. तिच्या बोटात अंगठी आहे की नाही, हे लोक छायाचित्रे मोठी करकरून पाहत होते. महिन्यापूर्वी तिने कोणाविरुद्ध किती धावा काढल्या, याची आठवण कोणाला राहिली नव्हती.

वर्तमानपत्रांना आणि वाहिन्यांना नावे ठेवणे सोपे आहे. पण भगिनींनो, तसला एक मजकूर मीही पुढे पाठवला होता, आणि तोही आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर. खरा की खोटा, ते पाहिले नाही. खाली "बिचारी" असे लिहिले. तेवढे लिहिले म्हणजे आपल्याला दोष लागत नाही, असे मला वाटले असावे.

माझे माहेर पोलादपूरचे. त्या वेळी माझी भाची चार दिवस महाडला आमच्याकडे आली होती. दोन वर्षांपूर्वी तिचा साखरपुडा होऊन मोडला होता. मी तो मजकूर तिलाही वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आत्या, माझं मोडलं तेव्हाही असंच फिरलं होतं का गं?"

मला उत्तर देता आले नाही, कारण फिरले होते. पोलादपूरच्या एस.टी. स्थानकापासून महाडच्या बाजारपेठेपर्यंत फिरले होते. मुलीत काय खोट निघाली, एवढेच प्रत्येकाला हवे होते. आठ महिने ती पोर कोणाच्या लग्नकार्याला गेली नाही. त्या वेळी मी लोकांना किती बोलले होते! आणि आता सांगलीच्या मुलीच्या बाबतीत मीच त्या लोकांत जाऊन बसले.

हे आजचेच आहे असे नाही. आमचे सासरे मुंबईस गिरणीत होते. ते अजित वाडेकरांची गोष्ट सांगत. १९७१ साली वाडेकरांच्या संघाने आधी वेस्ट इंडीजमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. मुंबईने त्यांना डोक्यावर घेतले. तीनच वर्षांनी, १९७४ साली, इंग्लंडमध्ये आपण तिन्ही कसोटी सामने हरलो, लॉर्ड्सवर तर सारा संघ ४२ धावांत गारद झाला. तेव्हा याच मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगड पडले. त्यानंतर ते पुन्हा कसोटी सामना खेळले नाहीत. सासरे म्हणत, "सामना मैदानावर हरले, त्यात घराच्या काचांचा काय गुन्हा?" त्या घरात बायकोमुले असतील, हे दगड उचलताना कोणाच्या मनात आले नाही.

त्याहून जुनी गोष्ट पळवणकर बाळूंची. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर त्यांनी शंभराहून अधिक गडी बाद केले. एवढा मोठा गोलंदाज, पण जातीने चांभार; म्हणून पुण्यात खेळताना चहाच्या वेळी त्यांना बाहेर बसवून मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा देत. त्यांच्या हातचा चेंडू सवर्णांना चालत होता, कपबशी चालत नव्हती. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. आपण महाडकर आहोत. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, ते कशासाठी, हे आपल्याला कोणी निराळे सांगावयास नको.

बाळूंवरचा अन्याय फार मोठा. स्मृतीच्या दुःखाची त्याच्याशी बरोबरी मी करीत नाही. पण एक गोष्ट दोन्हीकडे दिसते. खेळाडूचा खेळ आपल्याला हवा असतो. त्या खेळामागे एक माणूस आहे, याची आठवण मात्र नको असते. बाळूंना दाराबाहेर ठेवले, आणि स्मृतीच्या घरात न बोलावता शिरलो.

कोणी म्हणेल, या खेळाडूंना कोट्यवधी रुपये मिळतात, जाहिरातींत ते झळकतात, आनंदाची छायाचित्रे स्वतःच दाखवतात. मग थोडे बोलणे सोसले पाहिजे. यात काहीच तथ्य नाही, असे मी म्हणत नाही. झेल सुटला तर सुटला म्हणावे, वाईट फटका मारला तर रागवावे. खेळ लोकांपुढे चालतो, त्यावर लोक बोलणारच. पण आपण हळदीकुंकवाला चार बायका बोलावतो, म्हणून त्यांनी आपली कपाटे उघडून पाहावीत, असे होत नाही. घरधनीण दाखवील तेवढे पाहावे, आणि तिने दार लावले की उंबरठ्यावरून परतावे. ही रीत आपल्याला आईने शिकवली आहे. ती मोबाईल हातात आला म्हणून का विसरावी?

मी तो मजकूर गटावरून काढून टाकला. पण तोवर वीस-बावीस जणींनी तो वाचला होता, आणि पुढे किती जणींकडे गेला असेल, ते देव जाणे. सांडलेले तेल बोटाने पुसून बाटलीत भरता येत नाही.

म्हणून आजच्या दिवशी एक सूचना मांडते. ज्या मजकुरात कोणाच्या लेकीचे लग्न, आजारपण किंवा रडणे असेल, तो आपल्या गटावरून पुढे जाऊ नये. मग ती लेक सांगलीची असो, पोलादपूरची असो, की आपल्या शेजारच्या दारातली असो. मंडळाने हा एवढा नियम केला, तर वर्धापनदिन साजरा झाला, असे मी म्हणेन.

त्याच डिसेंबरात स्मृती पुन्हा श्रीलंकेविरुद्ध खेळावयास उतरली. आमची भाचीही त्या महिन्यात एका लग्नाला गेली, हिरवी साडी नेसून. तिला कोणी काही विचारले नाही. मला त्या दिवशी फार बरे वाटले.