दादीच्या नावापुढचा रकाना

(संगमनेर येथील स्मरणसभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



दादीला जाऊन वर्ष झालं. मी संगणकावर काम करणारा माणूस, सभेत बोलायची सवय नाही. म्हणून लिहून आणलं आहे, तेच वाचतो.

या वर्षभरात घरी भेटायला आलेल्या प्रत्येकाने एकच वाक्य म्हटलं, ‘बिचारीने मुलाबाळांसाठी आयुष्य वाहिलं.’ खोटं नाही ते. पण ऐकताना मला दरवेळी एक प्रसंग आठवतो आणि मान खाली जाते. तिच्या शेवटच्या आजारपणात मी तिला दवाखान्यात नेलं होतं. खोकला थांबत नव्हता. डॉक्टरांनी मला विचारलं, ‘या काय काम करायच्या?’ मी म्हणालो, ‘काही नाही, घरीच असतात.’ दादीला धाप लागली होती, तरी ती उठून बसली आणि म्हणाली, ‘बिडी बांधती मैं. पचास साल.’ डॉक्टरांनी लगेच पेन उचललं. त्यांना हवी असलेली माहिती तीच होती. तंबाखूची धूळ तिच्या छातीत पन्नास वर्षं जात होती आणि इंजिनिअर झालेला नातू सांगत होता, काही नाही.

दादी सिन्नरची. पंधराव्या वर्षी लग्न होऊन संगमनेरला आली. बिडी बांधायला माहेरीच शिकली होती. आमच्या घरचा दिवस फजरच्या आधी सुरू व्हायचा. रात्री ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली तेंदूची पानं ती सकाळी काढायची, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायची. मग मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, शेजारी दोऱ्याचं रीळ. चुलीवर भाजी शिजतेय, दारात भाजीवाल्याशी घासाघीस चाललीय, मांडीवर मी झोपलोय, पण बोटं थांबायची नाहीत. हजार बिड्या म्हणजे पंचवीसच्या चाळीस जुड्या. दादी आणि माझी फुफी, दोघी मिळून रोजच्या हजार पुऱ्या करायच्या. संध्याकाळी ठेकेदाराकडे माल द्यायचा. तो मूठभर बिड्या छाट म्हणून बाजूला काढायचा. त्यांचे पैसे नाहीत, आणि बिड्या परतही नाहीत. पान कमी पडलं तर पदरचे पैसे घालून आणायचं.

आता मुद्द्याचं सांगतो. ठेकेदाराच्या वहीत दादीचं नाव कधीच नव्हतं. आधी दादाजींचं होतं, त्यांनी आयुष्यात एक बिडी बांधली नाही. ते १९७९ साली वारले, तेव्हा वहीत माझ्या अब्बांचं नाव लागलं. अब्बा सतरा वर्षांचे होते. बिडी बांधणाऱ्या दोघी, नाव तिसऱ्याचं. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही, दादीलाही नाही.

१९८५ साल तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. एप्रिलमध्ये शाहबानो खटल्याचा निकाल लागला. दरमहा १७९ रुपये २० पैसे पोटगीचा तो प्रश्न होता. अब्बा सांगतात, आमच्या गल्लीत महिनोन्‌महिने दुसरा विषय नव्हता. ओट्यावर बसून पुरुषमंडळी तावातावाने बोलायची. आत सुपावर वाकलेल्या बायकांना मत कुणी विचारलं नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक निकाल दिला: घरी बसून बिडी बांधणारी बाईसुद्धा कामगार आहे, भविष्य निर्वाह निधीचा कायदा तिलाही लागू आहे. तो निकाल थेट माझ्या दादीबद्दल होता. आमच्या ओट्यावर त्याची चर्चा एक दिवसही झाली नाही. मला स्वतःला तो कळला दादी गेल्यावर, तिचे कागद शोधताना.

कागद सापडलेच नाहीत. बिडी कामगारांसाठी १९६६ चा कायदा होता, १९७६ चा कल्याण निधीचा कायदा आहे. त्यातून कामगारांना ओळखपत्र, औषधोपचार, मुलांना शिष्यवृत्ती मिळायची. पण ओळखपत्राला काम केल्याचा पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे ती वही.

याची किंमत कुणी मोजली, तेही सांगायला हवं. ती बाई इथे पहिल्या रांगेत बसली आहे. दादाजी गेले तेव्हा फुफी सातवीत होती. तिची शाळा सुटली आणि ती सुपावर बसली. अब्बा पुढे शिकले, नोकरीला लागले, म्हणून मी इंजिनिअर झालो. आमच्या घरात शिक्षण आलं ते फुफीच्या शाळेच्या बदल्यात आलं. दादीला हे पक्कं ठाऊक होतं. शेवटच्या महिन्यात ती फुफीचा हात धरून म्हणाली, ‘तेरा इस्कूल मैंच छुडाई.’ फुफीने फक्त तिच्या अंगावरची चादर सारखी केली. दादीला आपण नुसती त्यागमूर्ती केली, तर हे वाक्य आपल्याला ऐकूच येणार नाही. दादीने सोसलं, तसं तिच्या हातून एका मुलीवर अन्यायही झाला, आणि तो कबूल करायची हिंमत तिच्यात होती.

रेशन दुकानात अंगठ्याचं मशीन आलं, तेव्हा दादीचा ठसा उमटेना. पानं आणि दोरा वळून वळून बोटांच्या रेषा गेल्या होत्या. ती हसून म्हणाली, ‘उमरभर अंगूठाच लगाई, अब वो भी गया.’ दुकानातले सगळे हसले, मीही हसलो. माझं कामच लोकांची ओळख पटवणारी सॉफ्टवेअर लिहिण्याचं आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही.

ई-श्रम पोर्टल २०२१ मध्ये सुरू झालं, तेव्हा मी फुफीची नोंदणी करायला बसलो. व्यवसायाच्या रकान्यापाशी सवयीने माझा हात ‘गृहिणी’कडेच जात होता. फुफी मागून म्हणाली, ‘बिडी लिख.’ लिहिलं. दादीचं वय तेव्हा साठच्या पुढे गेलं होतं, त्या नोंदणीत ती बसत नव्हती. तिची वेळ निघून गेली होती.

म्हणून आज दादीसाठी दुआ मागून झाली की एक काम करा. घरी जा आणि आई, बहीण, बायको, जी कुणी बिडी बांधते, शिवणकाम करते, पापड लाटते, तिला विचारा की वहीत नाव कुणाचं आहे. दुसऱ्याचं असेल तर बदलून घ्या. ठेकेदार ऐकत नसेल तर चार जण मिळून जा, मी सोबत येतो. फॉर्म भरायचे असतील तर दर रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर या. तोच ओटा आहे. लॅपटॉप माझा, चहा फुफीचा. आणि मत बायकांना आधी विचारलं जाईल.