फी माफ झाली, जेवणाचें काय?

दर वर्षीं बारावीचा निकाल लागला कीं माझ्या ओसरीवर आठ-पंधरा दिवस माणसांची ये-जा सुरू होते. मी प्राथमिक शाळेचा निवृत्त शिक्षक. जुनी अकरावी, म्हणजे ज्याला आम्ही मॅट्रिक म्हणत असूं, तेवढीच पास झालेला. विद्यापीठाची पायरी विद्यार्थी म्हणून मी कधीं चढलों नाहीं. तथापि भुदरगड तालुक्यांतील आमच्या गांवांत कॉलेजचे अर्ज भरून देण्याचें काम गेलीं तीस-पस्तीस वर्षें माझ्याकडे चालत आलें आहे, आणि तेवढ्याच अधिकारावर आज मी विद्यापीठांतील शिक्षणाच्या खर्चाविषयीं बोलणार आहें. श्रोत्यांपैकीं पुष्कळांचीं मुलें आपल्याच शहरांत, आपल्याच घरीं राहून शिकत असतील. त्यांना माझा विषय कांहींसा परका वाटेल. परंतु ज्या वर्गांत आपलें मूल बसतें, त्याच वर्गांत शेजारच्या बाकावर एस. टी. नें आलेल्या डब्यावर दिवस काढणारें मूलहि बसलेलें असतें.

अर्ज भरतांना आईबाप पहिला प्रश्न विचारतात तो फीचा. "गुरुजी, फी किती पडंल?" ह्या प्रश्नाचें उत्तर सोपें आहे, आणि बहुधा तें दिलासा देणारेंच असतें. दुसरा प्रश्न ते उघड विचारीत नाहींत: पोर खाणार काय आणि निजणार कोठें? माझ्या पाहण्यांत जितकीं मुलें शिक्षण सोडून परत आलीं, त्यांतील बहुतेक ह्या दुसऱ्या प्रश्नापाशीं अडून परत आलीं.

प्रथम फीचें सांगून टाकतों. शिवाजी विद्यापीठ म्हटलें कीं खेड्यांतील माणसाच्या डोळ्यांपुढें कोल्हापूरच्या माळावरची ती मोठी इमारत उभी राहते. परंतु बारावी झालेला मुलगा सहसा तेथें जात नाहीं. तो जातो विद्यापीठाला जोडलेल्या एखाद्या कॉलेजांत. कोल्हापूर, सांगली आणि सातारा ह्या तीन जिल्ह्यांत विद्यापीठाचें क्षेत्र पसरलेलें आहे. माळावरच्या विभागांत प्रवेश मिळतो तो मुख्यतः पदवीनंतरच्या शिक्षणासाठीं. कला, वाणिज्य, विज्ञान ह्या पदव्यांना बारावीचे गुण पाहतात. इंजिनिअरिंग, फार्मसी असल्या शाखांना राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. एकाच कॉलेजांत, एकाच पदवीच्या वर्गाला, एक तुकडी अनुदानित असते आणि दुसरी विनाअनुदानित. पहिलीच्या शिक्षकांचा पगार सरकार देतें; दुसरीचा खर्च मुलांच्या फीमधून निघतो. इमारत तीच, पुस्तकें तींच, परीक्षा तीच. फी मात्र निराळी आणि पुष्कळ अधिक. यादींत आपलें नांव कोणत्या तुकडींत लागलें हें न पाहतांच पैसे भरून आलेलीं माणसें मीं पाहिलीं आहेत. आनंदाच्या भरांत तें पाहण्याचें सुचत नाहीं.

फीची सवलत हवी असेल तर तहसीलदार कचेरीचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो मे महिन्यांतच काढून ठेवावा. निकालानंतर सगळा तालुका एकाच खिडकीपुढें उभा असतो. घरचें वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आंत असेल तर राजर्षी शाहू महाराजांच्या नांवानें चालणारी शिक्षणशुल्काची शिष्यवृत्ती मिळूं शकते. मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठीं भारत सरकारची शिष्यवृत्ती तर १९४४ पासून चालत आलेली आहे. शिवाय २०२४ च्या जुलै महिन्यांत राज्य सरकारनें आठ लाखांच्या आंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणाचें शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ केलें. हें फार चांगलें झालें. मात्र शिक्षणशुल्क माफ म्हणजे सगळेंच माफ, असा अर्थ कोणीं घेऊं नये. ग्रंथालयाची अनामत, जिमखाना, ओळखपत्र असलीं लहान लहान कलमें उरतात, आणि शिष्यवृत्तीची रक्कम बँकेंत जमा होते ती वर्ष बरेंच सरल्यावर.

फी माफ होणें ही कांहीं आजची गोष्ट नव्हे. अल्प उत्पन्नाच्या घरांतील मुलांना फीमाफीची सवलत यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असतांनाच सुरू झाली होती. आमच्याकडे तिला 'ई. बी. सी.' म्हणत, अजूनहि म्हणतात. १९७५ सालीं मी पास झालों तेव्हां वडील मला घेऊन कोल्हापुरास आले. दाखला खिशांत होता, गुण बरे होते, फी माफ होणार हें कॉलेजच्या कारकुनानें सांगितलें. वडिलांना इतका आनंद झाला कीं त्यांनीं त्या कारकुनाला नमस्कार केला. मग आम्ही खानावळी पाहावयास निघालों. दोन वेळचे महिना साठ रुपये, आणि खोलींतल्या हिश्श्याचे वेगळे. वडील स्टँडवरच्या बाकावर बसले आणि बोटांच्या पेरांवर बराच वेळ कांहीं मोजीत राहिले. दोनदां मोजलें. नंतर त्यांनीं मला उसाचा रस पाजला आणि परतीचीं दोन तिकिटें काढलीं. त्या वर्षीं मी अध्यापक विद्यालयांत गेलों. शिक्षकीचा मला पश्चात्ताप नाहीं; पण फी माफ होऊनहि माणूस परत जातो, हें मी त्या दिवशीं शिकलों.

ही गोष्ट कोल्हापुराला नवी असावयास नको होती. शाहू महाराजांना ती फार पूर्वीं उमगली होती. राजाराम कॉलेज १८८० पासून होतें. पण खेड्यांतील शेतकऱ्याचा मुलगा तेथपर्यंत पोंचावा तर त्याला शहरांत पाय टेकावयास जागा आणि ताटांत भाकरी हवी, हें ओळखून त्यांनीं १९०१ सालीं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढविलें, आणि पुढें जैन, मुसलमान, लिंगायत अशा एकेका समाजासाठीं बोर्डिंगें उभीं राहिलीं. अस्पृश्य समजल्या जाणाऱ्या मुलांसाठीं १९०८ सालीं मिस क्लार्क वसतिगृह निघालें. जातवार बोर्डिंगें कशाला, असा आक्षेप आज कोणी घेईल, आणि तो अगदींच चुकीचा आहे असें मी म्हणणार नाहीं. परंतु त्या काळीं एका पंक्तीला बसून जेवावयास समाज तयार नव्हता, आणि मुलें तर भुकेलीं होतीं. त्याच परंपरेंतून पुढें आलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनीं सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीला बसवून दाखविलीं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनीं बोर्डिंगांतल्या मुलांच्या जेवणासाठीं अंगावरचे दागिने मोडले, अखेर मंगळसूत्रहि दिलें. कोणाचीहि फी भरण्यासाठीं नव्हे, मुलांच्या पोटाला अन्न मिळावें म्हणून मंगळसूत्र गेलें, हें मी माझ्या वर्गांत नेहमीं सांगत असें.

सरकारलाहि हा हिशेब माहीत आहे. वसतिगृहांत जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नांवानें 'स्वाधार' योजना निघाली. तींत जिल्ह्याच्या ठिकाणीं राहणाऱ्या विद्यार्थ्यासाठीं वर्षाला ४३,००० रुपये धरले: जेवणाचे २५,०००, राहण्याचे १२,००० आणि इतर निर्वाहाचे ६,०००. म्हणजे निम्म्याहून अधिक खर्च ताटाचा. आमच्या गांवचीं मुलें सांगतात त्याप्रमाणें कोल्हापुरांत दोन वेळच्या जेवणाला आतां महिन्याला सुमारें तीन हजार मोजावे लागतात. दोन एकर कोरडवाहू जमिनीच्या घरांतून दर महिन्याला तीन हजार रोख काढणें किती अवघड आहे, हें पगारदार माणसाच्या चटकन् ध्यानांत येत नाहीं. धान्य घरांत असतें, रोकड नसते.

म्हणून एस. टी. चा डबा. आपल्यापैकीं जे पहांटे कधीं एखाद्या खेड्याच्या थांब्यावर उभे राहिले असतील त्यांनीं तें दृश्य पाहिलें असेल. पहिली गाडी साडेसहाला. त्याच्या आधीं चार-पांच बायका डबे घेऊन आलेल्या असतात. ॲल्युमिनियमचा उभा डबा, कडीला तार गुंडाळलेली, झाकणावर तांबड्या रंगानें मुलाचें नांव. आंत तीन-चार भाकरी, कोरड्यास, खर्डा, कधीं अंडें. ड्रायव्हरच्या शेजारीं डबे रचले जातात. दोन तासांनीं कोल्हापूरच्या स्टँडवर मुलें येऊन आपापला डबा ओळखून घेतात आणि कालचा रिकामा डबा परतीच्या गाडीनें पाठवितात. त्या एका डब्यावर दोन वेळा भागवावयाच्या असतात. उन्हाळ्यांत संध्याकाळपर्यंत भाजी टिकत नाहीं. मग खर्डा आणि भाकरी. रिकाम्या डब्यांतून चिठ्ठी जात असे, कधीं औषध मागविलेलें असे. आतां मोबाईल आल्यापासून चिठ्ठी गेली, पण डबा राहिला आहे.

२०२१ च्या ऑक्टोबरच्या अखेरीस एस. टी. कामगारांचा संप सुरू झाला, आणि तो पुढल्या वर्षाच्या एप्रिलपर्यंत लांबला. संपाच्या न्यायान्यायाविषयीं मी बोलणार नाहीं. संपावरील कंडक्टरांपैकीं दोघे माझेच विद्यार्थी, आणि त्यांच्या घरची स्थिति मला ठाऊक आहे. पण करोनानंतर कॉलेजें नुकतींच उघडलीं होतीं, आणि त्याच सुमारास डबे बंद झाले. आमच्या गांवची एक मुलगी तेव्हां बी. एस्सी. च्या दुसऱ्या वर्गांत होती. चौघीजणींची खोली. तिची आई कांहीं दिवस दुधाच्या टेंपोबरोबर डबा पाठवीत होती. पण टेंपो जाई एकीकडे आणि कॉलेज राही दुसरीकडे. मुलीनें घरीं सांगितलें कीं तिनें खानावळ लावली आहे. लावली नव्हती. एक वेळ भात शिजवून ती दोन वेळा खात होती. डिसेंबरांत प्रयोगशाळेंत तिला घेरी आली, तेव्हां मैत्रिणींनीं घरीं कळविलें. ती परत आली आणि म्हणाली, "गुरुजी, मी बाहेरून बी. ए. करतें."

मीं तिला कांहीं उपदेश केला नाहीं. दुसऱ्या दिवशीं वडापाच्या जीपनें कोल्हापूर गांठलें आणि ती राहत होती त्या इमारतींत खालच्या मजल्यावरील बाईंना भेटलों. त्यांचा माझा पूर्वीचा परिचय नव्हता. मीं खरें तें सांगितलें. बाईंनीं जरा विचार केला आणि म्हणाल्या, "माझा नातू सातवींत आहे, गणितांत कच्चा आहे. ती त्याला रोज तासभर शिकवील का? रात्रीचं जेवण माझ्याकडे." मुलीचें आडनांव त्यांनीं शेवटपर्यंत विचारलें नाहीं. हें मुद्दाम सांगतों, कारण खोली शोधावयास गेलेल्या आमच्या मुलांना पहिला प्रश्न आडनांवाचा येतो, आणि आडनांव ऐकल्यावर कित्येक ठिकाणीं खोली नुकतीच गेलेली असते. शंभर वर्षांपूर्वींच्या जातवार बोर्डिंगांना कारण तरी होतें; आजच्या घरमालकापाशीं कोणतें आहे, तें मला समजलेलें नाहीं.

ह्या सौद्यांत कोणीं कोणावर उपकार केला नाहीं. कर्मवीरांचा 'कमवा व शिका' हा मंत्र याहून निराळा नव्हता, आणि ती योजना शिवाजी विद्यापीठांतहि चालते. ग्रंथालयांत, बागेंत, कचेरींत रोज कांहीं तास काम करून मुलें आपला खर्च भागवितात. तेथें सर्वांना जागा पुरत नाहीं एवढेंच. वसतिगृहांचेंहि तेंच. म्हणून प्रवेशाचा अर्ज भरतांना त्याच दिवशीं वसतिगृहाचा आणि कमवा-शिकाचा अर्ज मागून घ्यावा, असें मी प्रत्येकाला सांगतों. "प्रवेश तर मिळूं दे, मग बघूं" म्हणणाऱ्याच्या वांट्याला बहुधा कांहीं उरत नाहीं.

ती मुलगी २०२३ सालीं बी. एस्सी. झाली. नातू गणितांत पास झाला. किती गुणांनीं तें बाईंनीं सांगितलें नाहीं, मींहि विचारलें नाहीं. पुढें प्रवेश परीक्षा देऊन ती माळावरच्या विभागांत एम्. एस्सी. ला गेली, आणि तेथें तिला वसतिगृहांत जागा मिळाली. तिचा डबा दोन वर्षें घरीं खुंटीला लटकत होता. तिचा धाकटा भाऊ आतां कोल्हापुरांत शिकतो, आणि डबा पुन्हां साडेसहाच्या गाडीनें जाऊं लागला आहे. झाकणावरचें जुनें नांव खरवडून त्यावर भावाचें नांव मींच रंगवून दिलें.